जुना कंपास, साखळी, गॅल्व्हानोमीटर चालू करून पायजे असेल तर हिंगणघाटचं हे दुकान

शाळेसाठी जुनी सर्वेची आणि तारखात्याच्या जमान्यातली यंत्रं दुरुस्त करून घेतली, त्याचा हा रिव्ह्यू आहे. जरा लांब होईल, पण असं काम करणारा माणूस विदर्भात सापडणं किती कठीण आहे हे ज्यानं शोधलंय त्यालाच माहीत, म्हणून सगळं नीट लिहितो. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कशाचा कापला ते पुढे सांगतो.

दुकान हिंगणघाट गावातच आहे, पाटी नाही. दुकान चालवणाऱ्या काकांचं मुख्य काम जिनिंगचे आणि व्यापाऱ्यांचे वजनकाटे दुरुस्त करायचं, त्याच्या आधी बरीच वर्षं ते एका कॉलेजच्या लॅबमध्ये यंत्रं सांभाळायला होते आणि हात तिथे बसला. एक खोली, एक छोटा लेथ, खिडकीखाली टेबल, टेबलावर भिंग आणि डब्यांमध्ये इतके बारीक स्क्रू की मोजता येणार नाहीत. गिऱ्हाईक जास्त करून काट्यांचं. सर्वेची यंत्रं घेऊन येणारे कमी, पण ते यंत्र टेबलावर ठेवलं की काकांचा चेहरा बदलतो हे मी स्वतः पाहिलं.

मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीला विद्युतधारेचे परिणाम हा धडा आहे, त्यात ओरस्टेडचा प्रयोग येतो, तारेतून करंट गेला की शेजारची चुंबकसुई हलते. पोरं पाठ करतात आणि विसरतात. मला त्यांना दाखवायचं होतं की याच एका गोष्टीवर अख्ख्या देशात तार (टेलिग्राफ) पसरली, आणि ती पसरवणारी माणसं रानातून जाताना कोणती यंत्रं बरोबर घेऊन जायची, आणि त्या यंत्रांनी आपल्याच शिवारात लाइन आखता येते. म्हणून सामान जमवत होतो. एक प्रिझ्मॅटिक कंपास आणि एक टँजंट गॅल्व्हानोमीटर (करंट मोजायचं यंत्र) बंद पडलेल्या लॅबच्या भंगारातून मिळाला, जमीन मोजायची ६६ फुटी साखळी गावातल्या एका वाड्याच्या माळ्यावर गंजत पडली होती, अ‍ॅनेरॉइड बॅरोमीटर (हवेचा दाब मोजायचं यंत्र) एका मित्रानं दिला. चारही बंद.

काकांनी आधी एकच विचारलं, "सर, हे ठेवाले पायजे का वापराले?" मी म्हटलं वापरायला, पोरांच्या हातात द्यायला. मग म्हणाले, "तं मी चमकवणार नाई. घासलं का आकडे जातेत."

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि याच एका कारणासाठी मी हे दुकान सुचवतो. आजकाल जुनं पितळी सामान म्हटलं की लोक बफिंग मारून आरशासारखं करून देतात. फोटो झकास येतो. पण कंपासच्या रिंगवर जे अर्ध्या अर्ध्या अंशाचे भाग पाडलेले असतात ते केसाएवढ्या खोलीचे असतात, बफ फिरला की ते पुसतात, मग ते यंत्र मोजायच्या कामाचं राहत नाही. काकांनी बाहेरच्या डबीला फक्त रॉकेलनं पुसलं, काळपटपणा तसाच ठेवला. आत मात्र भिंग लावून काम केलं.

कंपासचं आधी सांगतो कारण त्याच्यातच सगळ्यात जास्त फरक पडला. प्रिझ्मॅटिक कंपासचं पेटंट १८१२ चं आहे, श्मॅलकॅल्डर नावाच्या कारागिरानं घेतलेलं, आणि शंभरेक वर्षं सर्वेवाल्यांच्या, फौजेच्या, तारवाल्यांच्या खिशात हेच यंत्र राहिलं. कारण सोपं आहे. एका डोळ्यानं समोरच्या खांबावर नेम धरायचा आणि त्याच वेळी त्याच डोळ्याला प्रिझममधून आकडा दिसतो, स्टँड लागत नाही, हातात धरून चालतं. आकडे प्रिझममधून वाचायचे असल्यानं रिंगवर ते उलटे छापलेले असतात आणि शून्य दक्षिणेच्या टोकाला असतो. माझ्या ओळखीच्या एका माणसानं हे पाहून कंपास डिफेक्टिव्ह समजून भंगारात काढला होता. असं करू नका, तो तसाच असतो.

माझ्या कंपासची रिंग अडकायची. डबी हातात फिरवली की थोडी सरकायची आणि थांबायची, बोटानं टिचकी मारली की आणखी दोन-तीन अंश पुढे. काकांनी उघडून दाखवलं. सुईच्या मधोमध अकीकाची छोटी टोपी असते आणि ती स्टीलच्या टोकावर टेकलेली असते, ते टोक बोथट झालं होतं. बोथट का झालं तर कंपास मिटला की आतली एक खिळी सुईला टोकावरून उचलून धरते, ती खिळी वाकलेली होती, त्यामुळे प्रवासात सुई टोकावर आदळत राहिली असणार. टोक लेथवर धरून दगडावर नवीन केलं, खिळी सरळ केली, सुईचं चुंबकत्व मेलं होतं ते पुन्हा भरून दिलं. नेम धरायच्या समोरच्या पात्यातला केस तुटलेला होता, तिथे घोड्याच्या शेपटीचा केस लावला. नायलॉन का नाही लावला विचारलं तर म्हणाले उन्हात ढिला पडते. आपल्या मे महिन्याच्या उन्हात ते पटतंच.

आता रिंग हळूहळू झुलते, लहान लहान होत जाते आणि थांबते, टिचकी मारली तरी आकडा तोच. जुना कंपास विकत घ्यायचा असेल तर हीच टेस्ट करा, टिचकी मारून. ऑनलाइन जे 'अँटिक' कंपास मिळतात, लाकडी पेटीतले, लंडनच्या जुन्या कारागिराचं नाव आणि जुनं साल कोरलेले, त्यातला एक आमच्या शाळेत कोणीतरी भेट दिलाय. दिसायला आमच्या कंपासपेक्षा भारी. टिचकीला दरवेळी वेगळा आकडा. काकांनी तो उघडलाही नाही, वरूनच पाहून परत दिला, याच्यात दुरुस्त करासारखं काही नाही म्हणाले. आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

साखळीचं काम दिसायला रटाळ पण मला त्यातच जास्त शिकायला मिळालं. ६६ फूट, १०० कड्या, दर दहा कड्यांवर पितळी खूण, ८० साखळ्यांचा एक मैल आणि दहा चौरस साखळ्यांचा एक एकर, ही गुंटरची साखळी. आपल्याकडे गुंठ्याची जी जुनी मोजणी होती त्यात ३३ फुटी साखळी असायची, म्हणजे हिच्या बरोबर अर्धी, तिचा एक चौरस म्हणजे एक गुंठा. म्हाताऱ्या लोकांना हे तोंडपाठ असतं. तर आमची साखळी काकांनी स्टीलच्या टेपला लावली आणि ती ३ इंच जास्त भरली. ३ इंच म्हणजे काय असं वाटतं पण मैलाला ८० वेळा टाकायची आहे, म्हणजे २४० इंच, म्हणजे मैलामागे २० फूट. आणि साखळी लांब झाली की मोजणी कमी भरते हे पोरांना आधी उलटंच वाटतं, मी फळ्यावर तीनदा काढून दाखवलं तेव्हा पटलं. लांब होते कारण ओढून ओढून कड्यांमधल्या रिंगा उघडतात, अशा सगळ्या घासणाऱ्या जागा मिळून शेकडो होतात. काकांनी ढिल्या रिंगा एक एक करून दाबल्या, तरी थोडं उरलं तेव्हा मुठीजवळची एक रिंग काढून टाकली. आता टेपला लावली की जुळते.

एक सूचना त्यांनी दिली ती इथे देतो कारण ती आपल्या काळ्या मातीची आहे. पावसानंतर वावरात साखळी टाकू नका, चिखल रिंगांमध्ये भरतो आणि साखळी आखूड होते. म्हणजे तीच साखळी उन्हाळ्यात लांब आणि पावसाळ्यात आखूड. जुने लोक दोन दगड पक्क्या अंतरावर गाडून ठेवायचे आणि रोज सकाळी साखळी त्याला लावून पाहायचे. आम्ही शाळेच्या मैदानात दोन दगड गाडले.

अ‍ॅनेरॉइडबद्दल थोडक्यात. ही हवा काढलेली पत्र्याची डबी, हवेचा दाब बदलला की फुगते-दबते आणि काटा फिरवते, १८४४ मध्ये विदी नावाच्या फ्रेंच माणसानं केलेली. डबीपासून काट्यापर्यंत एक बारीक चेन असते, सायकलच्या चेनसारखीच पण केसाएवढी, ती गंजून अडकली होती. काकांनी ती मोकळी करून दिली. पण स्पष्ट सांगितलं की डबीच फुटलेली असती तर हात लावला नसता, तिच्यातली हवा पुन्हा काढणं त्यांच्याकडे होत नाही. तेव्हा अ‍ॅनेरॉइड घेऊन जाणार असाल तर हे ध्यानात ठेवा.

तो बरोबर दाखवतो का हे कसं पाहायचं, तर पाणी उकळून. हे मला फार आवडलं. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण ३०० मीटरला १ अंश, म्हणून डोंगराळ भागात जाणारे सर्वेवाले एक खास थर्मामीटर आणि छोटं भांडं बरोबर ठेवायचे आणि अ‍ॅनेरॉइडला त्याच्यावर तपासायचे. पाऱ्याचा बॅरोमीटर तीन फूट लांब काचेची नळी, खेचरावर टिकत नाही. हिंगणघाट समुद्रसपाटीपासून २१५ मीटरच्या आसपास, म्हणजे इथे पाणी ९९.३ च्या जवळ उकळायला पाहिजे. काकांकडे अंशाचा दहावा भाग वाचता येतो असा थर्मामीटर आहे, तो त्यांनी स्टोव्हवर वाफेत धरून दाखवला, पाण्यात बुडवून नाही, वाफेत. जवळपास तेवढाच आला. चिखलदऱ्याला नेला तर ९६ च्या थोडं वर दाखवेल. दहाव्या भागाची चूक म्हणजे ३० मीटरची चूक, म्हणून हे खूप नेमकं यंत्र नाही, पण घाट कुठून चढायचा एवढं ठरवायला पुरेसं.

इथे जरा विषयांतर करतो. हे दुकान ज्या गावात आहे त्याच गावात विल्यम लॅम्बटन वारला, २० जानेवारी १८२३. मद्रासहून १८०२ मध्ये ज्यानं भारताची त्रिकोणमिती मोजणी सुरू केली तो, नागपूरकडे जात असताना. कबर हिंगणघाटलाच आहे. त्याचा मोठा थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) अर्ध्या टनाचा, ३६ इंची चक्राचा. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर सुटून तो भिंतीवर आदळला आणि चक्र वाकलं. नवीन यंत्र विलायतेहून यायचं म्हणजे वर्षं गेली असती. लॅम्बटन तंबूत बसला आणि स्वतःच्या हातानं सहा आठवड्यांत ते चक्र पुन्हा गोल केलं आणि पुढची मोजणी त्याच यंत्रानं झाली. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवून पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "ठोकून केलं का ओढून?" पाचरी आणि स्क्रू लावून ओढून, असं मी सांगितलं. "हो, ठोकलं असतं तं फाटलं असतं." हिंगणघाटच्या प्रत्येक शाळेतल्या पोरानं ती कबर पाहिली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तारवाल्यांना एवढा मोठा थिओडोलाइट लागत नव्हता, त्यांचा प्रश्न वेगळा होता. भारतात तार सुरू करणारा ओशॉनेसी हा मुळात डॉक्टर, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, १८३९ मध्ये त्यानं पहिले प्रयोग केले, १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर लाइन चालू झाली. त्याचा उजवा हात शिबचंद्र नंदी, हे नाव आपल्या पुस्तकांत यायला पाहिजे. मग नोव्हेंबर १८५३ मध्ये मोठं काम सुरू झालं आणि मार्च १८५४ मध्ये तार आग्र्यापर्यंत पोचलेली, ८०० मैल. एवढ्या वेगात नदी, जंगल, वस्ती पार करत जायचं तर साखळी आणि कंपास पुरतात. हिशोब करून पाहा, कंपासमध्ये अर्ध्या अंशाची चूक झाली तर हजार फुटांवर पावणेनऊ फूट फरक पडतो. आपल्याकडे धुऱ्याच्या वादात पावणेनऊ फूट म्हणजे दोन पिढ्यांचं भांडण, पण तारेचा खांब पावणेनऊ फूट इकडे उभा केला काय आणि तिकडे केला काय, तार पोचतेच. म्हणून ज्याला जमिनीची मोजणी करायची आहे त्यानं हा कंपास घेऊन भूमी अभिलेखवाल्यांशी वाद घालू नये, तो त्या कामाचा नाही.

आणि लोखंडाचा त्रास वेगळाच. ओशॉनेसीनं सुरुवातीला बारीक तारेच्या ऐवजी जाड लोखंडी सळई वापरली होती, त्यामागे वानरं आणि मोठे पक्षी वर बसले तरी तुटू नये हाही विचार होता, आमच्या गावच्या वानरांना ओळखणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. पण लोखंड जवळ असलं की कंपासची सुई त्याच्याकडे वळते. म्हणजे जी लाइन आखायला कंपास आणला तीच लाइन उभी झाली की कंपासला बिघडवते. उपाय असा की प्रत्येक दोन खुणांमध्ये जाताना एक आकडा आणि उलटं वळून येताना दुसरा आकडा घ्यायचा, दोघांत बरोबर १८० अंशांचा फरक आला तर दोन्ही जागा चांगल्या, नाही आला तर एका जागी लोखंड आहे. आम्ही शाळेपासून पांदणीनं नाल्यापर्यंत हे केलं. सगळीकडे जुळलं, फक्त एका ठिकाणी चार अंशांचा फरक, आणि पोरांनीच शोधून काढलं की त्या वावराच्या तारेच्या कुंपणाला टेकून उभे होते. दहा पावलं सरकले आणि जुळलं. दुरुस्तीच्या आधी हा कंपास चार अंशांची भानगड दाखवूच शकला नसता कारण तो स्वतःच तेवढा अडकायचा. माझ्या मते काकांच्या कामाची खरी पावती हीच.

आता गॅल्व्हानोमीटर. तारवाल्यांच्या सामानात हे यंत्र कंपासचं सख्खं भावंडच म्हणावं लागेल, दोघांत तीच चुंबकसुई. गोल कॉइलच्या मधोमध सुई ठेवायची, कॉइल उत्तर-दक्षिण लावायची, करंट सोडला की सुई वळते आणि किती वळली त्याच्या टँजंटवरून करंट मोजायचा. कंपासमध्ये सुई पृथ्वीला ऐकते, इथे पृथ्वी आणि तार दोघींची ओढाताण होते आणि ४५ अंशांवर दोघी बरोबरीत येतात. आणि आपल्या देशात पहिली काही वर्षं मोर्सचं टिकटिक यंत्र नव्हतंच, सुई डावीकडे-उजवीकडे हलायची त्यावरून तारबाबू अक्षरं वाचायचे. म्हणजे संदेशही सुईनं आणि रस्ताही सुईनं.

आमच्या गॅल्व्हानोमीटरला २, ५० आणि ५०० वेढ्यांची कॉइल आहे. ५०० वाली तुटलेली होती, आत कुठेतरी. काकांनी सगळी उकलली आणि पुन्हा गुंडाळली. इथे माझी एक तक्रार आहे. मूळ तार रेशीम गुंडाळलेली होती आणि त्यांनी मोटारीच्या वाइंडिंगची इनॅमलवाली तार घातली, मला न विचारता. काम उत्तम देते, वेढे मोजून घातलेत, मी कॅल्क्युलेशन करून तपासलं, पण जुनी तार मला पिशवीत घालून परत द्यायला पाहिजे होती आणि बदलायच्या आधी फोन करायला पाहिजे होता. अशी जुनी यंत्रं असतील तर आधीच सांगून ठेवा की निघालेला प्रत्येक तुकडा परत पायजे.

टेस्ट कशी केली ते सांगतो, कारण दुरुस्ती खरी का खोटी हे वापरूनच कळतं. बांबू रोवले, दर साखळीवर एक, वर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले आणि त्यावरून बांधकामाची बारीक लोखंडी तार ओढली, दहा साखळ्या लांब, जायची एक आणि यायची एक. ट्रॅक्टरची बॅटरी लावली. मधे हातभर तांब्याची तार जोडली कारण लोखंडी तार सुईला करंट नसतानाही ओढते, आणि त्या तांब्याच्या तुकड्याखाली कंपास धरला. शाळेत बसलेल्या पोरीनं बटण दाबलं आणि नाल्याजवळ ६६० फुटांवर सुई चार-पाच अंश हलली. तिकडे उभी असलेली पोरं जी ओरडली ती शाळेपर्यंत ऐकू आली.

मग फॉल्टचा खेळ. तार टाकणाऱ्यांची खरी डोकेदुखी तार टाकल्यानंतर सुरू व्हायची. जंगलात कुठेतरी तार जमिनीला टेकली, किंवा समुद्राखाली केबलचं आवरण फाटलं, आता कुठे ते कसं शोधायचं. मकरानच्या (आताच्या पाकिस्तान-इराणच्या) किनाऱ्यावर १८६१-६२ मध्ये गोल्डस्मिड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं वाळवंटातून फिरून तारेचा रस्ता पाहिला, १८६४ मध्ये ग्वादरहून मुसंदम, बुशहर करत इराणच्या आखाताच्या टोकाला फाओपर्यंत समुद्राखालून केबल पडली, तारेवर गटापर्चाचं (रबरासारख्या झाडाच्या चिकाचं) आवरण. अशी केबल खाली सोडत असतानाच जहाजावर गॅल्व्हानोमीटरसमोर माणूस बसायचा, सुई अचानक हलली की केबल थांबवायची. आणि फॉल्ट झालाच तर हातात फक्त तारेचं टोक असतं. तरी किती मैलांवर ते सांगता येतं, कारण तारेचा रोध लांबीच्या प्रमाणात असतो. समजा मैलाला १३ ओहम, आणि ७८ आले, म्हणजे ६ मैल. पण तार जमिनीला टेकली की मातीचा रोधही त्यात मिसळतो, म्हणून चांगली तार आणि बिघडलेली तार पलीकडच्या टोकाला जोडून लूप करतात आणि इकडे व्हीटस्टनच्या ब्रिजवर (रोधांची तुलना करायच्या जोडणीवर) जुळवतात, त्यात मातीचा रोध बॅटरीच्या बाजूला पडतो आणि हिशोबातून निघून जातो. किती हुशारीचं आहे हे, मला दरवेळी शिकवताना आनंद होतो.

मी पोरांना न दाखवता एका बांबूजवळ तार लोखंडी सळईनं जमिनीत उतरवली, सळईभोवती दोन बादल्या पाणी ओतलं कारण कोरडी माती करंट नीट घेत नाही. शाळेत एक मीटरचा ब्रिज आणि काकांनी गुंडाळलेली ५०० वेढ्यांची कॉइल. पोरांनी काटा शून्यावर आणला, सेंटिमीटर वाचले, फुटांत केले, साखळी घेऊन निघाली आणि पंधरा-वीस फुटांच्या फरकानं त्या सळईजवळ जाऊन उभी राहिली. ६६० फुटांत एवढं. आत्तापर्यंत जे मुलगे गणिताच्या तासाला खिडकीबाहेर पाहायचे त्यातला एक मला विचारून राहिला होता की सर, तार बदलली का गुणोत्तर तेच राहीन का. अशा यंत्राची किंमत कशात करणार.

पैशाचं सांगतो. कंपासचे ९०० घेतले, साखळीचे ४००, अ‍ॅनेरॉइडचे ६००, गॅल्व्हानोमीटरचे १६००. गॅल्व्हानोमीटरचे थोडे जास्त वाटले पण उकलून गुंडाळायला किती वेळ जातो ते पाहिल्यावर ठीक आहे. घासाघीस करू नका, ते करत नाहीत.

अर्धा स्टार कापला तो असा. तारीख देत नाहीत, दिली तर पाळत नाहीत. फोन क्वचित उचलतात, डोळ्याला भिंग लावलेलं असतं तेव्हा उचलतच नाहीत. पक्कं बिल मिळत नाही, आम्हाला शाळेच्या हिशोबाला पाहिजे होतं, शेवटी साध्या कागदावर लिहून सही घेतली आणि मुख्याध्यापकांनी तेवढ्यावर चालवून घेतलं. पॅकिंग तर नाहीच, गॅल्व्हानोमीटर वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, तो मी बसमध्ये मांडीवर घेऊन आलो. लांबून येणार असाल तर घरून खोकं आणि जुना टॉवेल आणा. आणि ती तारेची गोष्ट वर लिहिलीच आहे.

थिओडोलाइट आणि डम्पी लेव्हल (जमिनीची पातळी पाहायचं यंत्र) घेतात का, हे बरेच जण विचारतील. डम्पी घेतात, बुडबुड्याची नळी बदलून देतात, समोरच एकाची चालू होती. थिओडोलाइटची काच आणि क्रॉसहेअरचं काम करतात पण चक्रावरचे भाग खराब असतील तर नाही म्हणतात, आणि ते नाही म्हणाले तर दुसरीकडे नेऊन घासून घेऊ नका, तसंच ठेवा. डिजिटल टोटल स्टेशन वगैरे नेऊ नका, ते काम त्यांचं नाही.

दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की काट्यांची गर्दी असते, तेव्हा तुमचं यंत्र कपाटात पडून राहील. होळी ते जून बरा काळ. सकाळी दहाच्या आत गेलात तर खिडकीतून ऊन टेबलावर असतं आणि काका तुमच्या समोरच यंत्र उघडून काय झालंय ते दाखवतात, दुपारनंतर फक्त ठेवून घेतात. यंत्रासोबत त्याची मूळ पेटी, तुटलेले तुकडे, सुटे स्क्रू, जे काही असेल ते सगळं न्या, आणि निघायच्या आधी घरी काही पुसू नका.